अभ्यासिकेच्या दाराला फिंगरप्रिंट यंत्र: कुलपापासून सभासदांच्या नोंदणीपर्यंत

अभ्यासिका, क्लास किंवा लहान ऑफिस, कुठेही थंब मशीन बसवताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. यंत्र भिंतीला ठोकतात, चार जणांचे अंगठे घेतात आणि कुलूप, वायर, बॅटरी यांचा विचार त्यानंतर करतात. मग दार पाच सेकंदांपुरतंच बंद राहतं, वीज गेली की यंत्र बंद पडतं, रात्रपाळीचे सभासद बाहेर ताटकळतात. यंत्र स्वतः क्वचितच बिघडतं. चुकतो तो कामाचा क्रम.

इथे उदाहरण घेतलं आहे साठ खुर्च्यांच्या, रात्रीही चालू असणाऱ्या अभ्यासिकेचं. एक दार, बाहेर एक फिंगरप्रिंट टर्मिनल, आत एक्झिट बटण. एक अट कुठल्याही टप्प्यावर मोडायची नाही: यंत्र बंद पडो, वीज जावो, धूर होवो, आतल्या माणसाला बोट न लावता, कुणाला न विचारता बाहेर पडता आलं पाहिजे.

टप्पा १: आधी दार, मग कुलूप

दार हाताने उघडून सोडून द्या. ते आपोआप येऊन चौकटीला टेकत नसेल, तर पुढचं सगळं काम वाया जाईल. डोअर क्लोजर नसेल तर बसवा, असेल तर त्याचे स्क्रू फिरवून शेवटच्या काही अंशांतला वेग असा ठेवा की दार आपटणार नाही, पण अर्धवट थांबणारही नाही. पावसाळ्यात फुगणारं लाकडी दार आधी सुताराकडून रंधून घ्या.

कुलपाचे दोन स्वभाव असतात. वीज गेल्यावर उघडणारं आणि वीज गेल्यावर बंद राहणारं. मॅग्नेटिक लॉक, म्हणजे ईएम लॉक, पहिल्या प्रकारातलं. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टीला धरतो, वीज गेली की दार मोकळं. इलेक्ट्रिक स्ट्राइक बहुधा दुसऱ्या प्रकारातलं असतं आणि आतून हँडलने उघडणाऱ्या लॅचबरोबरच ते वापरायचं असतं. ड्रॉप बोल्ट दोन्ही स्वभावांचे मिळतात, म्हणून दुकानात विचारूनच घ्या.

माणसं बसतात त्या खोलीला ईएम लॉकच लावा. एका पाखीच्या दाराला ६०० पौंडांचं, म्हणजे सुमारे २७० किलो ओढीचं लॉक पुरतं. दार बाहेर उघडत असेल तर साधा एल ब्रॅकेट लागतो, आत उघडत असेल तर झेडएल ब्रॅकेट. काचेच्या दाराला भोक पाडता येत नाही, तिथे लोखंडी पट्टीसाठी यू ब्रॅकेट घ्या. चुंबक नेहमी खोलीच्या आतल्या बाजूला.

सावधान: अभ्यासिका पूर्ण रिकामी करून बंद करायची असेल तेव्हासाठी साधं किल्लीचं कुलूपही ठेवा, कारण बॅटरी संपली की ईएम लॉक उघडणारच. पण आत एकही माणूस असताना ते कुलूप बाहेरून लावायचं नाही.

टप्पा २: सामान जमवा

- टर्मिनल १, ईएम लॉक १, दारानुसार ब्रॅकेट
- बॅटरी चार्ज करणारा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय, किमान ३ अँपिअर (५ असेल तर उत्तम), आणि १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी
- एक्झिट बटण १
- काच फोडून किंवा दाबून सोडायचा हिरवा इमर्जन्सी रिलीज स्विच १
- १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, २ (एक सुटा राहू द्या)
- लॉकसाठी १ चौरस मिलिमीटर तांब्याची दोन तारांची वायर. बटणासाठी आणि नेटवर्कसाठी कॅट-६
- कार्ड वाचणारं टर्मिनल असेल तर सभासदांच्या दहा टक्के तरी कार्डं
- मल्टिमीटर. हा नसेल तर काम सुरूच करू नका.

मोबाइलच्या चार्जरसारखा साधा अॅडॅप्टर घेऊन पाचशे-सातशे रुपये वाचवण्याचा मोह होतो. त्याला बॅटरी जोडता येत नाही, आणि लॉक सुटताना बसणाऱ्या झटक्याने टर्मिनल पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं.

टप्पा ३: भिंतीला भोक पाडण्याआधी टेबलावर जोडा

टर्मिनल, लॉक आणि पॉवर सप्लाय टेबलावर मांडून छोट्या वायरींनी जोडून पाहा. एक चाचणी बोट नोंदवा, ते लावल्यावर रिलेचा, म्हणजे लॉकची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रातल्या स्विचचा, टिक आवाज येतो का ऐका. लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटवून हाताने ओढा. ती सुटता कामा नये. सदोष यंत्र असेल तर ते इथेच कळेल आणि दुकानदार ते बदलूनही देईल. भिंतीवर ओरखडे पडलेलं यंत्र परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

तपासून झालं की चाचणीची नोंद पुसा.

टप्पा ४: वायर आणि वीज

सर्वांत जास्त तक्रारी इथून येतात. म्हणून थोडं गणित.

१२ व्होल्टवर ६०० पौंडांचं लॉक साधारण अर्धा अँपिअर घेतं. समजा पॉवर सप्लाय लॉकपासून १५ मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तारेची लांबी ३० मीटर. नेटवर्कच्या केबलमधली बारीक (२४ गेजची) एकच जोडी वापरली तर तिचा रोध अडीच ओहमच्या आसपास होतो आणि सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. ती केबल स्वस्तातली, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअमची असेल तर दोन व्होल्ट. लॉकला दहाच व्होल्ट मिळतात, आणि व्होल्टेज जेवढं उतरतं त्याहून ओढ जास्त उतरते. दार जरा जोरात ओढलं की उघडतं आणि दोष मात्र लॉकला लागतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टच्या आसपास येतो.

पॉवर सप्लायपासून लॉकसाठी एक आणि टर्मिनलसाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या वायरी न्या. टर्मिनलची वीज लॉकच्या टोकावरून पुढे ओढायची नाही. सप्लायची पेटी आत, उंचावर, कुलूपबंद ठेवा. २३० व्होल्टची वायर आणि या वायरी एकाच पाइपमधून नेऊ नका. मेनची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बॅटरीचा हिशोब: लॉक ०.५ आणि टर्मिनल ०.४ अँपिअर धरलं तर एकूण ०.९ अँपिअर. ७ एएच बॅटरी कागदावर पावणेआठ तास देते, प्रत्यक्षात पाच तास धरा. त्याहून लांब भारनियमन होत असेल तर मोठी बॅटरी लागेल, आणि ती चार्ज करण्याची सप्लायची ताकदही पाहावी लागेल.

तपासा: चार्जिंगच्या सप्लायचं आउटपुट १३.५ ते १३.८ व्होल्ट असतं. तेवढं टर्मिनल सोसतं का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

टप्पा ५: लॉक बसवणं

चुंबक चौकटीवर, पट्टी दारावर. पट्टीच्या मधल्या बोल्टवर रबरी वॉशर येतो. तो फेकून देऊन पट्टी दाराला कचकून आवळणं ही नेहमीची चूक आहे. पट्टी किंचित डुलली पाहिजे, म्हणजे दार थोडं वाकडं आलं तरी ती चुंबकाला पूर्ण सपाट बसते. आवळून बसवलेली पट्टी एका कडेनेच टेकते आणि २७० किलोची ओढ निम्म्यावरही राहत नाही. बाजूच्या दोन मार्गदर्शक पिनांसाठीची भोकं थोडी सैल पाडा.

पट्टीवर रंग, सेलोटेप, गंजरोधक तेलाचा जाड थर काहीही नको. कोरड्या फडक्याने दोन्ही पृष्ठभाग पुसा.

तपासा: वीज देऊन दार बंद करा आणि पट्टी व चुंबक यांच्या मधून कागदाची पट्टी घालून पाहा. कुठूनही आत सरकली तर जोड नीट नाही.

टप्पा ६: जोडण्या, याच क्रमाने

मेन बंद, बॅटरी सुटी. टर्मिनलच्या मागे रिलेची तीन टोकं असतात: कॉम (समाईक), एनसी (एरवी कॉमला जोडलेलं) आणि एनओ (एरवी तुटलेलं). ईएम लॉकसाठी कॉम आणि एनसी.

१. सप्लायचा प्लस कॉमला.
२. एनसीमधून निघालेली तार आधी इमर्जन्सी स्विचमध्ये, तिथून लॉकच्या प्लसला.
३. लॉकचा मायनस थेट सप्लायच्या मायनसला.
४. डायोड लॉकच्या दोन टोकांना समांतर, अगदी लॉकपाशी. पांढरी रेघ प्लसकडे. लॉक सुटताना कॉइल उलटा झटका देते, तो डायोड गिळतो. रेघ उलटी लावली तर सप्लाय शॉर्ट होईल. लॉकमध्ये डायोड आधीच असेल तर वेगळा नको.
५. एक्झिट बटण टर्मिनलच्या बट (BUT) आणि ग्राउंड (GND) या टोकांना.
६. दार उघडं की बंद हे सांगणारा सेन्सर असेल तर सेन (SEN) आणि ग्राउंडला.
७. शेवटी टर्मिनलची वीज, मग बॅटरी, मग मेन.

चुकून एनओ वापरलं की लक्षण ठरलेलं असतं: एरवी दार उघडं आणि बोट लावल्यावर पाच सेकंद घट्ट बंद. तार एनसीवर हलवा, काम झालं.

इमर्जन्सी स्विच टर्मिनलला न जोडता लॉकच्या प्लसच्या तारेतच का घालायचा, हे नीट समजून घ्या. एक्झिट बटण टर्मिनलला सांगतं आणि टर्मिनल रिले सोडतं. टर्मिनलच अडकून बसलं तर बटण दाबून काही होत नाही. हिरवा स्विच कुणालाच विचारत नाही, तो वीजच तोडतो. इमारतीत फायर अलार्म असेल तर त्याच्या पॅनेलचा रिलेही याच तारेत घ्या, म्हणजे अलार्म वाजताच दार सुटेल. हिरव्या स्विचशेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: आग किंवा अडचणीत हा दाबा.

सावधान: एनसीची तार दाराबाहेरच्या टर्मिनलमधून जाते. कुणी यंत्र उपटून ती तार कापली तर लॉकची वीज जाते आणि दार उघडतं. आत माणसं बसलेल्या अभ्यासिकेला हे चालतं. यंत्राचा टॅम्पर अलार्म (यंत्र उपटलं की वाजणारा) चालू ठेवा आणि तळाचा स्क्रू घट्ट करा. पण त्याच दारामागे रोकड किंवा सर्व्हर असेल तर रिले आतल्या बाजूला ठेवणारा वेगळा कंट्रोलर घ्या. तिथे हा खर्च टाळू नका.

टप्पा ७: टर्मिनलची जागा

सेन्सर जमिनीपासून १.२ ते १.४ मीटरवर. पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला किंवा छज्जा करा; ऑप्टिकल सेन्सर उन्हात चकतो. पावसाचे शिंतोडे येणाऱ्या ओट्यावर साधं घरातलं यंत्र लावायचं नाही.

टप्पा ८: बोटं घेण्याआधीच्या सेटिंग्ज

तारीख आणि वेळ सर्वांत आधी. ती चुकलेली असेल तर पुढच्या सगळ्या पाळ्या आणि नोंदी चुकतील.

मग लगेच अॅडमिन नोंदवा. अॅडमिन नोंदवेपर्यंत बहुतेक यंत्रांचा मेनू कुणीही उघडू शकतं. एकच अॅडमिन ठेवला आणि तो गावी गेला की अभ्यासिका अडते, म्हणून दोन ठेवा: एक चालक, दुसरा विश्वासू माणूस. दोघांची दोन-दोन बोटं आणि शिवाय पासवर्ड. पासवर्ड बंद पाकिटात कपाटात.

- लॉक उघडं राहण्याचा वेळ ३ ते ५ सेकंद. दहा ठेवला तर एकामागून एक तिघे शिरतात.
- सेन्सर असेल तर दार उघडं राहिल्याचा इशारा १५ ते २० सेकंदांनी.
- नेटवर्कचा कम्युनिकेशन पासवर्ड कारखान्यातून शून्य किंवा रिकामा येतो. बदला.

टप्पा ९: सभासदांची नोंदणी

आधी क्रमांकांची पद्धत ठरवा. वर्ष आणि अनुक्रम, उदाहरणार्थ २६००१ पासून पुढे. सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्याला कधीच द्यायचा नाही, नाहीतर जुन्या हजेरीच्या नोंदी नव्या माणसाच्या नावावर दिसतात.

आपण सवयीने अंगठा पुढे करतो. लहान सेन्सरवर तर्जनी आणि मधलं बोट जास्त चांगलं बसतं, कारण ठशाचा मधला भोवरा पूर्ण काचेवर येतो. दोन्ही हातांचं एकेक बोट घ्या. उजव्या बोटाला पट्टी बांधलेली असेल त्या दिवशी डावं कामाला येतं.

बोटाचं टोक लावायचं नाही, पेर सपाट ठेवायचं. यंत्र तीनदा मागतं. दर वेळी बोट पूर्ण उचला. तीनही वेळा दाब सारखा. नोंद झाल्यावर लगेच मेनूबाहेर येऊन त्याच माणसाला सलग पाच वेळा बोट लावायला सांगा. पाचात चारदा तरी पहिल्याच प्रयत्नात लागलं पाहिजे. नसेल तर नोंद पुसून पुन्हा घ्या. आज घेतलेली ही दोन मिनिटं पुढची रोजची कटकट वाचवतात.

बोट लागत नसेल तर कारण शोधा:

- हिवाळ्यात कोरडी त्वचा: बोटावर फुंकर मारा किंवा किंचित क्रीम चोळून पुसा.
- घाम किंवा ओले हात: कोरडं पुसणं पुरतं. दारापाशी छोटा नॅपकिन टांगा.
- बोटांच्या पेरांवर मेंदी: गडद असताना नोंदणी करू नका, रंग उतरेपर्यंत कार्ड द्या.
- शेतात, बांधकामावर किंवा भांडी घासण्याच्या कामात झिजलेले ठसे: या माणसांना चार-चारदा बोट घासायला लावू नका. पहिल्याच दिवशी कार्ड किंवा पिन द्या. दोष त्यांच्या हातांचा नाही.

सावधान: 'कुणाचंच बोट लागत नाही' म्हणून जुळणीची पातळी, म्हणजे थ्रेशहोल्ड, खाली आणू नका. मग एकाच्या बोटाने दुसऱ्याच्या नावाची नोंद होण्याची शक्यता वाढते. बहुतेक वेळा काच मळलेली असते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा; पाणी किंवा सॅनिटायझर थेट काचेवर फवारायचं नाही.

ठसे घेण्याआधी प्रवेश अर्जावर लेखी संमती घ्या: कशासाठी घेतो, कधी पुसू. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. बारावीची आणि नीटची मुलं येतात तिथे अर्जात पालकांच्या सहीची जागा हवीच. ज्याला ठसा द्यायचा नाही त्याला कार्ड.

टप्पा १०: पाळ्या, आणि मध्यरात्रीचा घोळ

सकाळ, दुपार, रात्र अशा वेळपट्ट्या यंत्राच्या मेनूत बनवा आणि सभासदांना लावा. रात्रपाळी मात्र जपून. २२:०० ते ०६:०० अशी पट्टी भरली तर अनेक यंत्रं तिचा अर्थ 'दिवसभर प्रवेश बंद' असा घेतात, कारण शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची आहे. तिचे दोन तुकडे करा: २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:००, आणि सभासदाला दोन्ही लावा. शनिवारी रात्री आलेला रविवारी पहाटे चहाला बाहेर पडून परत येतो, तेव्हा रविवारची पट्टी लागू असते. सातही दिवस भरले आहेत ना, पाहा.

याच नियमाचा उपयोगही होतो. ००:०१ ते ००:०० अशी मुद्दाम उलटी पट्टी बनवून 'थकबाकी' नावाचा गट तयार करा. ज्याची फी संपली त्याला त्या गटात टाका, फी आली की परत आणा. बोट पुन्हा घ्यावं लागत नाही. तुमच्या यंत्रात सभासदत्वाची मुदत भरायची सोय असेल तर ती अधिक सोपी.

तपासा: यंत्राचं घड्याळ तात्पुरतं रात्री ११:५८ ला लावा, रात्रपाळीच्या एका सभासदाचं बोट दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा लावून बघा. मग घड्याळ परत बरोबर करा. हे 'मग' विसरलं जातं.

टप्पा ११: नेटवर्क, बॅकअप, पुसणं

टर्मिनलला स्थिर आयपी पत्ता द्या आणि राउटरमध्ये तोच राखून ठेवा. घरून हजेरी पाहता यावी म्हणून राउटरवर टर्मिनलचं पोर्ट इंटरनेटला उघडू नका. २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी एका प्रचलित बनावटीच्या टर्मिनलमध्ये २४ सुरक्षा त्रुटी दाखवल्या होत्या. काहींमधून ठशांची माहितीही बाहेर काढता येत होती. लांबून पाहायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) वापरा आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवा.

महिन्यातून एकदा सभासदांची माहिती पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह कुलपात ठेवा. यंत्र बदलताना नव्या यंत्राची फिंगरप्रिंट अल्गोरिदमची आवृत्ती जुन्याशी जुळते का ते खरेदीआधी विचारा. ९ आणि १० आवृत्तींचे ठसे एकमेकांत चालत नाहीत; बॅकअप असूनही सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं करावं लागतं.

सोडून गेलेल्याला यंत्रात आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे पुसा. फक्त यंत्रात पुसलं तर पुढच्या सिंकला तो परत येतो.

टप्पा १२: चालू करण्याआधीची परीक्षा

१. नोंदलेलं बोट: दार उघडतं, पाच सेकंदांनी पुन्हा धरतं.
२. न नोंदलेलं बोट: उघडत नाही.
३. एक्झिट बटण: उघडतं.
४. टर्मिनलची वीज काढून घ्या, लॉकची चालू ठेवा. एक्झिट बटण चालणार नाही. आता हिरवा स्विच दाबा, दार सुटलंच पाहिजे.
५. मेन बंद करा. टर्मिनल रीस्टार्ट न होता चालू राहतं.
६. मेन बंद ठेवून बॅटरीही काढा. दार हलक्या हाताने उघडतं.

चौथी किंवा सहावी चाचणी पार पडत नसेल तर त्या दिवशी एकाही सभासदाला आत बसवू नका.

यापुढे दर महिन्याला हिरवा स्विच दाबून पाहा आणि मेन बंद करून तासभर सगळं बॅटरीवर चालवा. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. दोन-तीन वर्षांनी तासाभराच्या आतच टर्मिनल बंद पडायला लागलं तर बॅटरी बदला, लॉक किंवा यंत्र नव्हे.